गोरोबाची कोंडी

गोरोबा मारकड आमच्या गावचा मेंढपाळ. गाव भूमपासून फार लांब नाही, पण डोंगराच्या पोटात असल्यानं एसटी कमी येते आणि बातमी उशिरा. गोरोबाच्या आणि माझ्या घरामध्ये छातीएवढी दगडी भिंत आहे. मी दूध संकलन केंद्रावरून निवृत्त झालो तेव्हापासून त्या भिंतीलगत बाजेवर बसून असतो. त्यामुळं पुढचं बरंचसं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. जे ऐकलं नाही ते गोरोबानं किंवा गावच्या आशाताई वर्षाराणीनं सांगितलं. मला लिहायची सवय नाही. हे नीट जमेल असंही वाटत नाही. पण वर्षाराणी म्हणाली, "तात्या, गोरोबाआप्पाचं लिहून द्या. मी बायकांच्या बैठकीत वाचीन. माझं सांगणं त्यांना सरकारी वाटतं." करिश्माला विचारलं, तीही हो म्हणाली. म्हणून लिहितो.

गोरोबा माणसांशी कमी बोलतो. मेंढरांशी दिवसभर बोलतो. पंचक्रोशीत त्याची ओळख एकाच गोष्टीसाठी आहे, ती म्हणजे कोकरू लावणं. मेंढी व्याली की एखादी आपल्याच कोकराला जवळ येऊ देत नाही. हुंगते आणि ढुशी मारून लांब लोटते. पहिलटकरणीचं असं जास्त होतं. मग गोरोबा वाड्याच्या कोपऱ्यात चार मेखा ठोकून त्यांना जाळी बांधतो. मेंढीला धड वळताही येऊ नये एवढीच जागा. तिथं ती आणि तिचं कोकरू, तिसरं कुणी नाही. कोकराच्या पाठीला मिठाचं पाणी चोळतो म्हणजे मेंढी चाटायला लागते. दोन-तीन दिवसांत ती कोकराला हाक मारते. हाक आली की गोरोबा जाळी सोडतो. या जागेला तो कोंडी म्हणतो. कुणाची गाय पान्हा चोरायला लागली तरी गोरोबालाच बोलावणं येतं.

"माझ्या हातनं एक बी कोकरू आईबिगर ऱ्हायलं न्हाय," असं तो सांगायचा. बाकी कसली फुशारकी त्याच्या तोंडून मी ऐकली नाही.

त्याची बायको सिताबाई त्याच्या उलट. तोंड चालू असलं की हात चालतात अशी. तिनं सगळा संसार मेंढरांमागं केला. मुलगा एकच, सुरज. तो चाकणला गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याचं लग्न सोनारीकडच्या करिश्माशी झालं. मुलगी बारावी झालेली, अंगानं बारीक, हसरी. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. सुरजची चाकणला एकच खोली, तीही दोघा मित्रांत. म्हणून करिश्मा इथं सासू-सासऱ्यांजवळ राहिली.

आमच्याकडं सून सासऱ्याशी तोंडानं बोलत नाही. सासू घरात असेल तर सून सासूला म्हणते, "आत्या, मामांना म्हणावं जेवायला वाढलंय," आणि मामा तिथंच दोन हातांवर बसलेले असतात. आता बऱ्याच घरांतून हे गेलं, पण गोरोबाच्या घरात होतं. सिताबाई रानात गेली की अडचण व्हायची. करिश्मानं त्यावर तोड काढली. दारात काळू नावाचं कुत्रं असायचं. ती काळूला सांगायची.

"काळू, मामांना सांग, च्या झालाय."

गोरोबाही काळूकडं बघून म्हणायचा, "काळू, म्हणावं साखर कमी घालत जा."

मी भिंतीपलीकडून हसायचो. सिताबाई ओरडायची, "त्या कुत्र्याला सरपंच करा आता. समद्या गावाचं त्याच्या कानावं."

करिश्माला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे होतं, पण माहेरी करणारं कुणी नव्हतं. सिताबाई म्हणाली, "मी हाय की. आई न्हाय म्हणून काय पोरीचं अडणार हाय का?" तिनं डिंक, खोबरं, खारीक आणून ठेवलं, बाजेला नवी सुतळी ओढली. दसऱ्याच्या सुमारास भूमच्या दवाखान्यात करिश्मा मोकळी झाली. मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं झालं आणि नाव समर्थ ठेवलं. पाळणा म्हणायला आलेल्या बायका काळूकडं बघून म्हणाल्या, "आता तुझी सुट्टी रे. आता ती पोराला सांगंल."

कारण आमच्याकडं तसंच असतं. लेकरू झालं की सून लेकराच्या तोंडावर बोलते, "बाळा, आजोबाला सांग." लेकराला काय कळतंय? पण घराला बोलायला एक दार मिळतं.

करिश्मा तशी बोलली नाही.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. बाळंतीण थकलेली असते. ती बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडायची. सिताबाईनं मूल छातीला लावून दिलं तर पाजायची, पण त्याच्याकडं बघायची नाही. ते पोटभर पिऊन झोपलं की हात तसाच राहायचा, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. रात्री मूल झोपलं तरी हिचे डोळे उघडे. डिंकाचा लाडू उष्टावून ठेवायची. कधीतरी अंघोळ करताना मोठ्यानं रडायची आणि विचारलं तर म्हणायची, "काय न्हाय."

सिताबाईला याचा राग यायचा. ती वाईट बाई नाही, पण तिला दुसरी भाषा येत नव्हती.

"आमी न्हाय का बाळंत झालो?" ती अंगणात भांडी घासत म्हणायची, आत ऐकू जाईल असं. "सुरज झाला तवा बालाघाटात हुतो. पाचव्या दिवशी डोक्यावर वझं न् काखंत लेकरू. आता शेक हाय, लाडू हाय, गादी हाय, तरी तोंड वाकडं. काय कमी पडलंय, सांग की एकदाचं!"

आत करिश्मा नुसती कूस बदलायची.

बायका येऊन बघून गेल्या. एकीनं दृष्ट काढली. एक म्हणाली बाहेरचं आहे, सोनारीच्या भैरवनाथाला घेऊन जा, पोरगी तिकडचीच आहे, देव ओळखीचा आहे. सुरज फोनवर म्हणायचा, "आराम करू दे तिला. मी सुट्टी मिळाली की येतो." आशाताई वर्षाराणी बाळाचं वजन करायला यायची. बाळाचं वजन चांगलं होतं. तिनं दोनदा करिश्माला विचारलं, "तुला कसं वाटतंय?" दोन्ही वेळा सिताबाईनंच उत्तर दिलं, "बरी हाय की, तिला काय झालंय?"

एक गोष्ट मात्र गोरोबाच्या लक्षात आली होती. तो भिंतीशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तात्या, एक इचारू का? लेकरू झालं तरी ती अजून कुत्र्यालाच सांगती."

"म्हंजे?"

"काल सिता दळणाला गेलती. पोरगं हिच्या मांडीवर. तरी हाक काळूला. 'काळू, मामांना म्हणावं पोरगं रडतंय.' तिच्या मांडीवरचं पोरगं, आन् तिनं कुत्र्याला सांगितलं."

मी म्हणालो, सवय असेल. तो म्हणाला, "न्हाय. तिनं पोरगं हुंगलंच न्हाय अजून."

तेव्हा त्याच्या वाड्यात मेंढ्या व्यायचा हंगाम होता. कोपऱ्यात कोंडी उभीच होती. त्याच्या डोक्यात जे आलं ते त्या कोंडीवरून आलं. दुसऱ्या दिवशी त्यानं घरात सांगितलं की करिश्माला आणि बाळाला मागच्या खोलीत ठेवायचं. त्या खोलीत ज्वारीची पोती असतात. तिला एकच दार, आणि वर कौलात एक काच. दुसऱ्या कुणी बाळाला उचलायचं नाही. सिताबाईनं ताट आत सरकवायचं आणि बाहेर यायचं. बाळ रडलं तरी जायचं नाही. कुणी मायेनं आत शिरू नये म्हणून बाहेरून कडी.

"एकमेकांबिगर त्यांना कुणी दिसाया नगं," तो म्हणाला. "दोन-चार दिसांत हाक मारंल."

यात कुणाला वावगं वाटलं नाही. गावात गोरोबाच्या हाताला यश आहे हे सगळ्यांना माहीत होतं. सिताबाईसुद्धा म्हणाली, "बघा करून. माझं तर ऐकतच न्हाय." करिश्माला कुणी विचारलं नाही. ती आपली उशी घेऊन आत गेली.

पहिले दोन दिवस गोरोबा खूश होता. बाळ रडायचं, मग थोड्या वेळानं गप्प व्हायचं. म्हणजे ती पाजत होती. तो भिंतीवरून मला म्हणाला, "लागतंय बघा." बाहेर एक मेंढी तशाच कोंडीत होती. तिनं तर दुसऱ्याच दिवशी हाक दिली आणि त्यानं जाळी सोडली.

त्यानंतरची दुपार. सिताबाई भूमच्या बाजाराला गेली होती. गोरोबा एक मेंढी अडली म्हणून कळपामागं गेला नव्हता, अंगणातच होता. मीही भिंतीशी होतो. आत बाळ रडत होतं. बराच वेळ रडलं आणि मग दाराच्या मागून करिश्माचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता. ती नेहमीसारखीच बोलली.

"काळू, मामांना सांग, पोराला घेऊन जावा. माझ्या हाताचं काय खरं न्हाय."

गोरोबा मेंढीजवळून उठला. त्याचे हात भरलेले होते. तो तसाच गेला आणि त्यानं कडी काढली.

आत काय होतं ते त्यानं मला नंतर सांगितलं. बाळ एका कोपऱ्यात गोधडीच्या घडीवर होतं, भोवती पोत्यांची आडोशासारखी रांग. रडून लाल झालेलं, पण सुखरूप. आणि करिश्मा दुसऱ्या टोकाला, भिंतीला पाठ लावून बसलेली. बाळंतिणीच्या कानाला बांधायचा जो फडका असतो तो तिनं सोडून स्वतःच्या दोन्ही मनगटांना गुंडाळला होता आणि टोक दातांत धरून आवळला होता.

गोरोबानं आधी बाळ उचललं, अंगणात आणून माझ्या हातात भिंतीवरून दिलं. "धरा तात्या." मग परत आत गेला. मला तिथून ऐकू आलं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं सुनेला नावानं हाक मारली.

"करिश्मा. हात सोडू का?"

 ती म्हणाली, "सोडा."

मध्ये काळू नव्हता. तो बाहेर उन्हात झोपला होता.

गोरोबानं मला वर्षाराणीला फोन लावायला सांगितला. ती स्कूटीवर आली. तिनं गोरोबाला बाहेर बसवलं आणि करिश्माजवळ जाऊन बसली, बराच वेळ. बाहेर आली तेव्हा तिनं हळू आवाजात सांगितलं. करिश्माला कित्येक रात्री झोप नव्हती. बाळाला आपल्या हातून काहीतरी होईल असं तिच्या मनात सारखं येत होतं. आपण नसलो तर बरं, असंही येत होतं. तिला बाळ नकोसं नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटते हे सांगायची लाज.

"आप्पा, हा आजार आहे," वर्षाराणी म्हणाली. "बाळंतपणानंतर कितीतरी जणींना होतो. याला औषध आहे. पण आजच न्यायला पाहिजे. धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात याचे डॉक्टर आहेत."

एवढ्यात सिताबाई बाजाराची पिशवी घेऊन आली. तिला सगळं सांगितल्यावर ती पिशवीसकट ओट्यावर बसली आणि आधी चिडली.

"येड्याच्या दवाखान्यात? माझ्या सुनंला? उद्या समदं गाव म्हणंल, गोरोबाची सून येडी. सुरजला काय तोंड दावायचं?"

"आत्याबाई, वेडीबिडी काही नाही."

"मंग कामून न्यायचं? भैरवनाथाला नेऊ. दही-भात उतरू. दोन आमुशा केल्या की—"

गोरोबा म्हणाला, "देवाला जाऊ. आधी दवाखाना."

"तुमाला लई कळतंय! कोंडा म्हणून तुमीच सांगितलं नव्हं?"

"व्हय," गोरोबा म्हणाला. "म्याच सांगितलं."

 सिताबाई पदराचं टोक चाळवत बसली. वर्षाराणी करिश्माचे कपडे भरायला आत गेली. तेव्हा सिताबाई कुणाकडंच न बघता म्हणाली, "कस्तुराला असंच झालतं."

कस्तुराबाई तिची थोरली बहीण. मी तिचं नाव कधी ऐकलं नव्हतं.

"तिला दुसरं झालं तवा. खायची न्हाय, बोलायची न्हाय, लेकराकडं बघायची न्हाय. समदे म्हणले सुवारोग झाला, बाळंतिणीला हुतो तसला. माहेरी आणून टाकली. मी लहान हुते, तिच्याजवळ निजायची. एक दिस ती उठून गेली ती परत आलीच न्हाय." तिनं पिशवीतली मेथीची जुडी बाहेर काढली, परत आत ठेवली. "चला, कुठं जायाचं ते. मी बी येते. पोराला वरचं दूध कोण पाजणार?"

सुरजला फोन केला. तो म्हणाला, "आबा, मी निघतो." शेवटच्या गाडीची वाट न बघता वर्षाराणीनं ओळखीची जीप बोलावली. गोरोबानं कळप भावकीतल्या बिभीषणच्या हवाली केला. त्याच्या आठवणीत तो मेंढरं सोडून कधी परगावी राहिला नव्हता. त्या दोन दिवसांत बिभीषणनं एक मेंढी हरवली आणि तीन जणांची भांडणं आणली, ते वेगळं.

दवाखान्यातलं मला गोरोबानं तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी आधी करिश्माशी एकटीशी बोलून घेतलं. मग सगळ्यांना आत बोलावलं आणि विचारलं, "घरी हिच्याशी कोण बोलतं?"

 सुरज तोवर पोचला होता, तो म्हणाला, "मी फोन करतो रोज."

"फोनवर काय बोलता?"

"बाळ कसं आहे विचारतो."

डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं. गोरोबानं मग आपण होऊन कोंडीचं सांगितलं. मेंढीचं, जाळीचं, मिठाच्या पाण्याचं, कडीचं. सगळं. सिताबाई त्याला कोपर मारत होती. डॉक्टर रागावल्या नाहीत, असं तो म्हणाला. त्या एवढंच म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही चांगल्यासाठी केलं. पण ती आधीच एकटी पडली होती."

गोळ्या सुरू केल्या. बाळाला पाजताना चालतील अशाच दिल्या आहेत, हेही सांगितलं. रात्री बाळाला दुसऱ्यांनी बघायचं आणि हिला झोपू द्यायचं. काही दिवस हिला एकटीला सोडायचं नाही. गुण यायला वेळ लागेल, मध्येच गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि घरातल्या एका माणसानं रोज हिला विचारायचं, आज कसं गेलं. बाळाचं नाही, हिचं. ऐकून घ्यायचं, शिकवायला जायचं नाही.

"कुणी विचारावं?" डॉक्टरांनी करिश्मालाच विचारलं.

सुरज चाकणचा. सिताबाई पुढं सरकून म्हणाली, "मी इचारीन की."

करिश्मा खाली बघून म्हणाली, "आत्या इचारत्यात आन् उत्तर बी त्याच देत्यात." डॉक्टर हसल्या. सिताबाईसुद्धा, जरा उशिरानं. मग करिश्मा म्हणाली, "मामांनी इचारलं तर चालंल. मामा लई बोलत न्हाईत."

तेव्हापासून गोरोबाच्या घरात नवा रिवाज पडला. दिवेलागणीला मेंढरं वाड्यात कोंडून झाली की तो हातपाय धुऊन ओसरीवर बसायचा. दाराकडं पाठ, तोंड अंगणाकडं. करिश्मा उंबऱ्याच्या आत. तो अंगणाकडं बघत विचारायचा, "आज कसं?"

पहिल्या काही दिवसांत आतून उत्तर यायचं, "तसंच."

"बरं," तो म्हणायचा, आणि थोडा वेळ बसून राहायचा. बसून राहायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सुरज आठवडाभर राहिला आणि बाळाचे लंगोट धुताना गावानं त्याला बघितलं. गोळ्यांनी आधी करिश्माचं तोंड कोरडं पडायचं, मळमळायचं. एकदा तिनं दोन दिवस गोळी घेतली नाही आणि परत भिंतीकडं तोंड करून पडली. तेव्हा सिताबाई गोळी आणि पाणी घेऊन बाजेशी उभी राहिली. भांडली नाही. नुसती उभी राहिली, हे तिच्या मानानं फार झालं. ठरल्या तारखेला गोरोबा आणि सिताबाई तिला घेऊन धाराशिवला जायचे. गाडीत गोरोबा नेहमी "तीन उस्मानाबाद" म्हणायचा आणि कंडक्टर म्हणायचा, "आजोबा, नाव बदललंय गावाचं." "गाव तिथंच हाय नव्हं?" गोरोबा विचारायचा.

गावात चर्चा झालीच. बिभीषण एकदा पारावर म्हणाला, "काय गोरोबा, आजकाल सासरा-सून लई गप्पा मारत्यात म्हणं. जुनं वळण गेलं काय?"

गोरोबा म्हणाला, "कुत्रं म्हातारं झालंय. त्याला आता निरोप निभत न्हाईत."

हळूहळू उत्तरं लांबली. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आज दुपारी झोप लागली." एकदा म्हणाली, "आज भ्या वाटलं, पण मंग गेलं." एकदा म्हणाली, "मामा, त्या खोलीत मला अंधाराचं काय वाटलं न्हाय. पर बाहेर तुमी समदे बोलायचे, हसायचे, ते आत यायचं. तवा वाटायचं, मी गेले तरी ते असंच चालंल."

त्या दिवशी गोरोबा "बरं" म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो भिंतीशी आला आणि कोपऱ्यातल्या कोंडीकडं बोट करून मला म्हणाला, "तात्या, हे बघा. जाळी हाय ही. मेंढीला कोंडीत घालतो, पर तिला कळप दिसत असतो. तिचं तोंड समद्यांकडं असतं. भिताडात घातली तर ती पिल्लू घ्यायची सोडा, चारा बी घ्यायची न्हाय. हे मला ठावं हुतं. आन् म्या पोरीला भिताडात घातली." एवढं बोलून तो गेला. मागच्या खोलीच्या दाराची बाहेरची कडी त्यानं त्याच दिवशी उचकटून काढली. पोती अजून तिथंच आहेत, दार आता नुसता दगड टेकवून लोटून ठेवतात.

हे वाचताना कुणाला वाटेल की गोळी घेतली आणि पोरगी बरी झाली. तसं एका दिवसात झालेलं मी तरी पाहिलं नाही. संक्रांतीला ती वाण लुटायला गेली आणि अर्ध्यातून परत आली. नंतर एकदा समर्थ पहिल्यांदा खळाळून हसला तेव्हा ती रडली. सिताबाई घाबरून वर्षाराणीला बोलवायला निघाली होती. करिश्मा म्हणाली, "आत्या, हे तसलं रडणं न्हाय." सिताबाई म्हणाली, "मला काय कळतंय बाई, तुझ्या रडण्यात बी आता जाती झाल्या." पण ती थांबली, आणि तिनं समर्थला घेतलं नाही. करिश्माच्याच मांडीवर राहू दिलं.

ती बाळाला बघायची, अंघोळ घालायची, नीट पाजायची. पण त्याच्याशी बोलायची नाही. हे मी भिंतीपलीकडून ऐकत होतो, म्हणजे ऐकू येत नव्हतं. गोरोबाही ते ऐकत होता. तो कधी बोलला नाही. एकदा दवाखान्यात त्यानं डॉक्टरांना विचारलं होतं, "हाक कवा मारंल?" डॉक्टर म्हणाल्या होत्या, "वाट बघा. विचारत राहा."

पाडव्याच्या आधीची गोष्ट. कळपातल्या काही मेंढ्या अवेळी व्याल्या होत्या. त्यातली एक पहिलटकरीण कोकराला लोटत होती. गोरोबा दिवसभर तिच्यामागं होता. मेखा ठोकल्या, जाळी बांधली, जाळीचं तोंड कळपाकडं केलं, मीठ कालवलं. दिवेलागण झाली, मेंढरं आत आली, तरी तो कोंडीपाशीच उकिडवा बसलेला. मी बाजेवर होतो. सिताबाई चुलीशी होती. काळू ओसरीच्या पायरीवर होता.

करिश्मा समर्थला काखेत घेऊन उंबऱ्यापाशी आली. थोडा वेळ उभी राहिली. ओसरीवरची नेहमीची जागा रिकामी होती. मग ती उंबरा ओलांडून बाहेर आली, समर्थचा चेहरा वाड्याच्या कोपऱ्याकडं वळवला आणि बोलली.

"समर्थ, आजोबांना सांग, आज इचारायचं इसरलं म्हणावं."

चुलीशी भांड्याचा आवाज थांबला. गोरोबा वळला नाही. तो जाळीतून आत हात घालून बसला होता, मिठाच्या पाण्यानं भरलेले हात. तसाच म्हणाला,

"समर्थ, आईला सांग, इसरलो न्हाय. हात खराब हुते."

"सांगितलं," करिश्मा म्हणाली. "ते म्हणतंय, धुवा मंग."

गोरोबा उठला आणि हात धुवायला रांजणाकडं गेला. समर्थ काळूकडं बघत होता.